अ‍ॅनिलीनमधला चहा

आमच्या शिंदखेड्याच्या भास्करचा चहा तुम्हाला माहीत नाही? मग ऐकाच.

जळगावला बी.एस्सी.च्या शेवटच्या प्रॅक्टिकलला त्याच्या वाट्याला अ‍ॅनिलीन आलं. म्हणजे नायट्रोबेंझीनचं रिडक्शन करायचं आणि निघालेलं तेल डिस्टिल करून दाखवायचं. पठ्ठ्यानं इतकं निगुतीनं केलं की बाटलीत पाण्यासारखं नितळ तेल उतरलं. त्याचा चेहराच पडला.

"भो, हाई ते पानी शे! गेलो मी!"

मला तरी काय ठाऊक? कॉलेजच्या कपाटातलं अ‍ॅनिलीन आम्ही कायम तपकिरीच पाहिलेलं. मी काही बोलायच्या आत त्यानं सरांच्या कपातला कोरा चहा ड्रॉपरनं आत सोडला. तो मिसळेना, वर तरंगत बसला. तेवढ्यात बाहेरगावचे परीक्षक आले.

"हे वर काय?"

"चहा, सर."

परीक्षक आमच्या सरांकडे वळले. "अहो, ताजं अ‍ॅनिलीन बिनरंगाचंच असतं. हवेनं ऑक्सिडेशन झालं की तपकिरी पडतं. पोरांना कधी ताजं दाखवलं नाही?"

सर हळूच म्हणाले, "मीच कुठं पाहिलंय? आज पहिल्यांदा बघतोय."

परीक्षकांनी त्याला पास केलं. आता भास्करच परीक्षक म्हणून गावोगाव जातो. परवा धुळ्याहून त्याचा फोन आला.

"अरे, आज एका पोरीचं अगदी पाण्यासारखं निघालं. रडायच्या बेतात होती. मी जवळ जाऊन म्हटलं, बाई, असंच राहू दे. चहा घालू नको."