बंद झाल्याचा आवाज

बसा, सगळे बसा. मागे दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे चटईवर जागा आहे. हिटर या बाजूलाच आहे.

तुम्ही सगळे आलात. कोबेहून आलात, टोकियोहून रात्रीच्या बसने आलात, ऑफिसात सुट्टी मागून आलात. श्रीरंगला माणसं लागायची, आज त्याच्यासाठी एवढी माणसं जमली. मला नीट बोलता येईल की नाही, मला माहीत नाही. सकाळपासून माझी ही मैत्रीण अनघा मागे लागलीय, ‘तू बोलू नकोस गं, तू नुसती बस, आम्ही बोलतो.’ पुण्याहून सासूबाईंनीही फोनवर तेच सांगितलं. मीही तसंच ठरवलं होतं. नुसती बसणार होते.

पण तुम्ही बोललात आणि मी ऐकत गेले. छान बोललात. श्रीरंग किती हसरा होता, नवीन माणूस ओसाकाला उतरला की स्टेशनवर घ्यायला कसा जायचा, कचऱ्याच्या पिशव्या कशा वेगळ्या करायच्या इथपासून सगळं कसं शिकवायचा. सगळं खरं आहे. पण प्रत्येकाने शेवटी एक वाक्य म्हटलं. रविवारी आपण सगळे त्याच डोंगरावर जाऊ, त्याच वाटेने जाऊ, आणि त्याच्यासाठी तिथे फुलं ठेवू. आणि हेमंत भाऊजी, तुम्ही म्हणालात की तुम्ही दादाचीच स्की घालून जाणार. म्हणून मी उठले. मला राग आलाय. शोकसभेत राग येऊ नये म्हणतात, पण आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हेमंत भाऊजी म्हणजे श्रीरंगचे धाकटे भाऊ. त्यांच्या शेजारी बसलेत ते मोरिता-सान, श्रीरंगच्या कारखान्यातले, आणि या डोंगरवाल्या ग्रुपचे म्होरके. अनघा त्यांच्या कानाशी जपानीत सांगतेय. अनघा, काही गाळू नकोस.

इथे बसलेल्या बऱ्याच बायकांना वाटतं, स्की म्हणजे लिफ्टने वर जायचं आणि घसरत खाली यायचं. यांचं तसं नव्हतं. यांना लिफ्ट नको, दुकानं नकोत, माणसं नकोत. स्कीच्या खाली केसाळ पट्टे लावायचे आणि डोंगर पायांनी चढायचा. मग पट्टे काढायचे आणि उतरायचं. त्यासाठी वेगळं बाइंडिंग लागतं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. पुढे बोटांपाशी एक पोलादी चिमटा, मागे टाचेला एक कुलूप. चढताना टाच मोकळी, उतरताना टाच बंद. पडलात तर त्याने पाय सोडायचा, नाहीतर हाड मोडतं. नाही पडलात तर त्याने पाय सोडायचा नाही. एवढंच काम आहे त्याचं. कधी धरायचं आणि कधी सोडायचं, हे त्याला कळलं पाहिजे.

हे सगळं मला श्रीरंगने जेवणाच्या टेबलावर शिकवलं. परदेशातून मागवलेलं बाइंडिंग, हलकं, तळहातावर मावेल एवढं. ग्रुपमधल्या सगळ्यांनी एकदमच मागवलं. घरी आलं तेव्हा याने चपाती बाजूला ठेवून मला ते लावून दाखवलं. टक. ‘ऐकलंस? टक आवाज झाला की काम झालं.’ मग मोरिता-सानसारखं बोट रोखून ओरडला, ‘योशी!’

हे योशी तुम्हाला ठाऊकच आहे. इथला ट्रेन चालवणारा सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यांदा म्हणतो, ठीक आहे. कारखान्यात मशीन सुरू करण्याआधी म्हणतात. मोरिता-सानने ते डोंगरावर नेलं. उतरण्याआधी सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं. ते म्हणणार, ‘बाइंडिंग!’ प्रत्येकाने आपल्या पायाकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, ‘योशी!’ मला ते फार आवडायचं. मला वाटायचं, माझा नवरा वेड्यांबरोबर जात नाही, शहाण्यांबरोबर जातो. मी निर्धास्त असायचे.

आता जोशीसान, तुमच्याकडे वळते. रागावू नका. गेल्या सीझनला तुमची डावी स्की उतारावर आपली आपणच निघून गेली होती, आठवतंय? तुम्ही पडलाही नव्हतात. नुसते वळलात आणि स्की गेली. देवदाराच्या झाडाला अडकून सापडली. त्याची व्हिडिओ कॅसेट आमच्या घरी लावली होती. पोहे खात सगळ्यांनी बघितली. जोशीसान एका पायावर नाचतायत आणि स्की चाललीय खाली, मालकाला न सांगता. श्रीरंग तेवढाच भाग पुन्हा पुन्हा रिवाइंड करत होता. आपण सगळे पोट धरून हसलो. मीही हसले.

ती कॅसेट मी परवा पुन्हा लावली. चित्र नाही बघितलं, नुसतं ऐकलं. वारा येतो. मोरिता-सानचा आवाज येतो, ‘बाइंडिंग!’ मग टक. मग जोशीसान म्हणतात, ‘योशी!’ आणि मग स्की जाते.

सगळं ठीक होतं, आणि स्की गेली.

तेव्हा तुम्ही काय म्हणालात, जोशीसान? म्हणालात, माझंच काहीतरी चुकलं असेल. दुसऱ्या एकाची टाच चढताना आपोआप बंद व्हायची, तोही म्हणाला, माझंच काहीतरी चुकत असेल. तुम्ही सगळे इंजिनियर. कारखान्यात एक स्क्रू सैल निघाला तर अख्खी लाइन थांबवता. आणि स्वतःच्या पायाखालचा खटका दगा देतो तेव्हा म्हणता, माझंच चुकलं. एवढी नम्रता तुम्ही कुठून आणलीत? दुकानात जाऊन सांगितलंत तेव्हा दुकानदार काय म्हणाला? इथला बर्फ ओला असतो, नीट साफ करून वापरा. तुम्ही मान तुकवलीत आणि ब्रश घेऊन आलात.

आता त्या दिवसाचं. मी तिथे नव्हते. भाऊजी होते, आणि त्यांनी मला जे सांगितलं तेच सांगते. माथ्यावर पट्टे काढले. बाइंडिंगमधला बर्फ श्रीरंगने खरवडला. सगळ्यांनी खरवडला. बूट घातले. मोरिता-सानने पुकारा केला, सगळ्यांनी बोट दाखवलं. भाऊजी याच्या मागेच उभे होते. मग कड्याच्या वरून आडवं जायचं होतं, खाली घळ. एकेकाने जायचं. श्रीरंग निघाला. पहिल्याच वळणाला त्याची खालच्या बाजूची स्की सुटली. तो पडला नव्हता, कशावर आपटला नव्हता. एका पायावर उभा राहिला क्षणभर, आणि मग गेला. ओरडला नाही म्हणे. त्याला कळलंच नसेल काय झालं ते.

स्की नंतर सापडली. पोलिसांनी घरी आणून दिली, पुसून, कापडात गुंडाळून. मी कापड सोडलं. पुढचा चिमटा बंद होता. घट्ट बंद. आत कुणाचा पाय नव्हता, तरी तो बंद होता. तशीच ती आमच्या दाराशी उभी होती, याच्या बुटांशेजारी.

मग ते बाइंडिंग विकणाऱ्या कंपनीची माणसं आली. काळे सूट घातलेले. फोटोसमोर गुडघे टेकून बसले, उदबत्ती लावली, वाकून नमस्कार केला. मग माझ्या टेबलावर स्की ठेवून बूट लावला, काढला, लावला, काढला. टक, टक, टक. म्हणाले, काही दोष नाही. माझ्या टेबलावर, हिटरशेजारी! तिथे दोष कसा असेल? माझ्या टेबलावरून कोणी घळीत पडत नाही.

आणि ते गेल्यावर तुम्ही बोलायला लागलात. माझ्यासमोर नाही, पण ऐकू येतं मला. ‘श्रीरंगने नीट लावलंच नसणार.’ याचं मूळ मीच आहे, हे मला माहीत आहे. मीच तुम्हाला लोणच्याचा किस्सा हसून हसून सांगायचे. सासूबाईंनी पुण्याहून लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली होती. याने झाकण नुसतं वर ठेवलं, फिरवलं नाही. मी झाकण धरून बरणी उचलली, आणि सगळं लोणचं जमिनीवर. त्यानंतर रोज मी विचारायचे, ‘झाकण लागलं का?’ आणि हा म्हणायचा, ‘योशी!’ आता तुम्ही तेच म्हणता. श्रीरंग ना, झाकण लावायचं विसरायचा. भाऊजी, तुम्हीसुद्धा म्हणालात, ‘दादाचं कुठेतरी लक्ष नसेल.’

अहो, पण तुम्हीच तर मागे उभे होतात. तुम्हीच मला सांगितलंत, ‘वहिनी, मी टक ऐकलं.’ ऐकलंत ना? मग तो दुसरं काय करणार होता? त्यानेही तेच ऐकलं. ते ऐकूनच निघाला.

आणि तुम्हाला त्याची चूक का हवी आहे, तेही मला कळतं. त्याची चूक असली की बाइंडिंग चांगलं. बाइंडिंग चांगलं असलं की रविवारी जाता येतं. आपण नीट लावू, आपल्याला काही होणार नाही. हो ना?

मी खटक्यातलं काही शिकलेली नाही. मी एवढंच केलं की टेबलावरची स्की गार केली. बाल्कनीत टबातल्या बर्फात ठेवली. मग आमच्या मुलीचं बर्फाचा गोळा करायचं यंत्र काढलं आणि किसलेला बर्फ त्या चिमट्याच्या खाली दाबला. आत एक पोकळ जागा आहे, बोट जात नाही, ब्रश जात नाही. बर्फ तिथे बसला की चिमटा पूर्ण मिटत नाही. जरासा राहतो. डोळ्याला दिसत नाही. आणि आवाज तोच येतो. पहिल्यांदा केलं तेव्हा बूट घट्ट बसला. मला वाटलं, मीच वेडी. दुसऱ्यांदाही बसला. मग सुटला. मग पुन्हा धरला. भाऊजी, दर वेळी सुटला असता तर तुम्ही सगळ्यांनी हे बाइंडिंग पहिल्याच दिवशी फेकून दिलं असतं. हा चिमटा कधीतरीच सोडतो. म्हणून तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवता.

अनघा, ते कापड काढ. हो, मी आणलीय. श्रीरंगचीच आहे. आणि तो थर्मास दे, त्यात बर्फ आहे.

मोरिता-सान, तुम्ही उठू नका, तुम्हाला तिथून दिसेल. भाऊजी, तुम्ही या. या ना इकडे. मला तुमचेच कान हवेत. हा बर्फ मी भरला. हा तुमच्या दादाचा बूट. टाच मोकळीच ठेवते, पुढचा चिमटा तेवढा लावायचा. दाबा तुम्ही, तुमच्या हाताने. जोर लावा.

ऐकलंत? मागे ऐकू आलं का सगळ्यांना? हाच आवाज होता का त्या दिवशी? नीट आठवून सांगा.

हाच होता. बरं. वाकून बघा चिमट्याकडे. उघडा दिसतोय? नाही ना. म्हणा मग. बोट दाखवा आणि म्हणा. नाही म्हणवत? ठीक आहे. मग बूट धरून उचला. मी ती बरणी उचलली होती ना, तशी.

धरलं. बघा, धरलं. मागे कुणीतरी श्वास सोडला, मी ऐकला. माझ्याही मनात आलं हो, की धरू दे बाई, कायमचं धरू दे. आता भाऊजी, वळणावर पाय वळतो ना, तेवढाच वळवा. जोरात नको. तेवढाच.

राहू दे. उचलू नका. पडली तिथेच राहू दे ती.

रडू नका, भाऊजी. बसा. तुम्ही रडलात तर मला पुढचं बोलता येणार नाही. सासूबाईंना एक मुलगा गेल्याचं मी फोनवर सांगितलं आहे. तोच फोन मी पुन्हा करणार नाही. हे मी हात जोडून सांगत नाही, बजावून सांगते. फुलं ठेवायची असतील तर पायथ्याशी ठेवा. श्रीरंगला चालेल. त्याने कुठल्याच गोष्टीसाठी कधी हट्ट धरला नाही.

आता आपण सगळे उभे राहूया. थोडा वेळ शांत राहूया. डोळे मिटू नका, मान खाली घालू नका, त्या स्कीकडे बघा. चिमटा आत्ताही बंद आहे, बघा. बर्फ वितळेल, पाणी चटईत जिरेल, आणि उद्या ती कुणालाही दाखवली तर त्यांना त्यात काही दोष दिसणार नाही. म्हणून आत्ताच बघून घ्या. आणि मोरिता-सान, शांतता संपल्यावर योशी म्हणू नका. नुसते बसा.

श्रीरंग, मी सगळ्यांसमोर चुकीचा किस्सा सांगत राहिले रे. आता सगळ्यांसमोरच सांगते. तू लावलं होतंस. तू नीट लावलं होतंस.