काळी नखं

घाटकोपरला रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या.

“काय गो रत्नप्रभा, शनिवारी तुझ्या घरातून ठोकाठोकी ऐकू येत होती. भांडलात काय?”

“भांडायला वेळ कुणाला? आमची हेमा शूटिंगला जाते ना, तिच्या रायफलला नवा दांडा बसवत होते हे. फायबरचा.”

“घरात?”

“माझ्या ओट्यावर! गोळी सुटली की लोखंड दांड्यात हलायचं, म्हणून पोरीचा नेम चुकायचा. ह्यांनी मधल्या फटीत घट्ट होणारा लगदा भरला, त्यात लोखंड दाबून बसवलं, नि दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही.”

“आणि कायमचं चिकटलं असतं तर?”

“तेच तिचे सर म्हणाले. क्लबची रायफल, ते आपले बाजूला घाम पुसत बसलेले. हे म्हणाले, ‘सर, वीस वर्षं मिलच्या साचेखात्यात माग दुरुस्त केलेत मी.’ लोखंडाला आधीच बुटाचं पॉलिश चोपडलं होतं. लाकडी हातोडीचे तीन ठोके, नि अलगद सुटून वर!”

“मग नेम?”

“काल पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत! सरांनी तो निशाण्याचा कागद ह्यांच्या हातात दिला.”

“झकास! पण हातांचं पॉलिश निघालं का?”

“नखं अजून काळीच आहेत. मिलच्या संपापासून घरीच बसलेत, दोन वर्षांनी काळी झालीत गो. सकाळी साबण मागत होते. मी म्हटलं, संपलाय.”

“संपलाय? परवाच तर तुला दोन वड्या आणून दिल्या मी!”

“गप गो. रांग सरकली बघ पुढे.”