वर्गातला खटला

—नाही, त्या रंगीत चिठ्ठ्या आधी बॅगेत घाला, मग बोलू. इंग्रजीचा तास रंगतदार कसा करायचा ते शिकवायला शिक्षण कार्यालयानं तुम्हाला पाठवलंय, ठीक आहे. मी, व्हर्ना सेडलाक, नेब्रास्कातल्या या गावात पोरांना इंग्रजी शिकवता शिकवता म्हातारी झाले, तरी म्हटलं, शिकू. सोमवारी मागच्या बाकावर बसून तुमचा नमुन्याचा तास पाहिला की नाही? पाहिला. आधी गोष्ट वाचायची, मग गोष्टीतल्या माणसावर वर्गातच खटला भरायचा—एक आरोपी, दोन वकील, बारा पोरांची ज्यूरी. कल्पना वाईट नाही. शेवटच्या रांगेतली पोरं कधी नव्हे ती पुस्तक उघडून पुरावे शोधत होती, मला हेवा वाटला—हो, वाटला, लिहून घ्या.

पण गोष्ट कोणती काढलीत? विम्यासाठी स्वतःचंच कोठार जाळणारा शेतकरी. आणि आरोपी कुणाला केलंत? कोल्टला. का, तर त्याच्या डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी होती, तो शेतकरी शोभतो म्हणून. अहो, इथं निम्म्या गावाच्या डोक्यावर तीच टोपी असते. त्याच्या बापावर, लेलंडवर, हाच आरोप आहे—विम्यासाठी ट्रॅक्टरची शेड जाळल्याचा—आणि त्याचा खरा खटला येत्या सोमवारी उभा राहतोय. ठाऊक नव्हतं? कसं असणार, उंटावरून शेळ्या हाकायच्या तुम्ही. पण मी हात वर केला होता ना? तर म्हणालात, बाईंनी मध्ये पडू नये, मुलांना मोकळं सोडू या.

सोडलंत मोकळं. ते पोर नुसतं ‘मी नाही जाळलं, मी नाही जाळलं’ म्हणत राहिलं—गोष्टीत असं वाक्यच नाही—आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. काय अभिनय आहे, म्हणालात. वर्ग हसला. ज्यूरीनं दोषी ठरवलं. ठरवणारच, घरी जेवताना जे कानावर पडतं तेच बोलली पोरं. तेव्हापासून कोल्ट शाळेत नाही. काल मी त्याच्या घरी गेले. आईनं दार उघडलं, तेही अर्धंच. म्हणाली, "शाळेत निकाल लागला ना? मग कोर्टात आता काय उरलं?"

काय सांगणार होते तिला? सांगण्यासारखं होतं, पण सांगायची चोरी. बाई, घाबरू नकोस, बाराच्या बारा जणांचं एकमत झाल्याशिवाय माणूस दोषी ठरत नाही, आणि त्या बारांत एकजण अशी बसणार आहे की मेली तरी ‘दोषी’ म्हणणार नाही. परवा कोर्टात ज्यूरीची निवड होती. सरकारी वकिलानं विचारलं, आरोपीला ओळखता? म्हटलं, त्याला न ओळखणारी इथं फक्त गुरं आहेत. मत आधीच बनवलंय का? छे, म्हटलं, अगदी भोळा चेहरा करून. घेतलं की मला. लेलंडनं जाळलं की नाही ते देव जाणे, मला खरंच ठाऊक नाही. पण त्या पोराचं तोंड पाहिलं तेव्हाच माझा निकाल लागला, तुमच्याच तासाला, साक्षीपुरावे गेले खड्ड्यात—

असं काय बघताय?

मी कुठं काय म्हटलं? गोष्टीतल्या ज्यूरीबद्दल चाललं होतं. जिभेला हाड नसतं, राग आला की माणूस वाटेल ते बोलतो. फोन कशाला काढलात? कोर्टात? अहो, मला काढतील, त्याचं काही नाही, पण माझ्या जागी दुसरं कुणी बसेल, आणि कोण बसेल ते मला ठाऊक आहे, यातल्याच एखाद्या पोराचा बाप बसेल. उभ्या गावात त्या माणसाच्या बाजूनं एक मत आहे. एकच. तुमचे सगळे तास घेते मी, चिठ्ठ्या चिकटवते भिंतभर, म्हणाल ते करते, ठेवा तो खाली—ऐका तरी, ‘हॅलो’ म्हणू नका—