चिंचपानाची लेस

बसा, तितं खाली नगा, खाटंवर बसा, साडी चांगली हाय तुमची. माजं माहेर मावळात, इंदुरीच्या अलीकडं, घरी भाताची शेती, चार भाऊ आन मी एकली, आन सुई म्हंजी गोधडीची, दुसरी सुई आमाला ठावं न्हाई. चीनची लढाई झाली त्या साली माजं लगीन झालं आन मी हितं आकुर्डीत आले, सतरावं सरलं व्हतं. घरात सासू, सासरे, मालक आन ह्यांची बहीन शकू. शकू तवा दहा वर्साची. आल्या दिवसापासनं माज्या मागं मागं, वैनी हे कसं, वैनी ते कसं, मला जरा बसू म्हनून देत नव्हती, मी वराडायची, ए मुंगळे, सोड की पदर.

मंग कंपन्या आल्या. आमचं वरचं रान गेलं, मालक कंपनीत शिफ्टला लागलं, आन रानाच्या कडंला कॉलनी उभी राह्यली. पुन्याकडनं लोक आले, सायबलोक, त्यांच्या बायका. आमी दोघी तितं दूध घालायला जायचो. तितल्या लेलेबाई दुपारच्याला दारात क्रोशाची सुई घेऊन बसायच्या, आजूबाजूच्या चार बाया जमायच्या, हात चाललेले आन तोंडंबी चाललेली. शकू तितंच उभी. लेलेबाई म्हनल्या, शिकतेस का गं? ही लगीच खाली बसली. मंग मीबी बसले, म्हनलं नणंद शिकती आन मी काय नुसत्या चरव्या धरू?

काय सांगू तुमाला, त्या वक्ताला लेसचं काय याड व्हतं! आता तुमी हातची लेस हातची लेस करीत हुडकत येता, तवा कॉलनीत ब्लाऊजच्या बाहीला लेस न्हाई म्हंजी बाई कशी गावंढळ. परकराच्या घेराला लेस, पोरींच्या फ्रॉकला लेस, रेडिओवर झाकाय लेस. आता बगा, चिंचवडात नायलॉनची मीटरवर मिळती, पोरी मॅक्सीला लावत्यात, दोनदा धुतली की दोरं लोंबत्यात. तवा प्रत्येक बाईपाशी एक लाल कापडाची पट्टी असायची, तिच्यावर हर एक विनीचा चार बोटं नमुना टाचलेला. कुनी मागितला तर नमुना द्यायचा, न्हाई म्हनायचं न्हाई, ही त्या बायांची रीतच व्हती.

शकूचा हात म्हंजी, काय बोलू मी. सैल हात. दोरा तिच्या बोटातनं पान्यावानी जायचा. माजा हात घट्ट, माजी लेस आकसायची, लेलेबाई दर खेपंला म्हनायच्या, हौसाबाई, जरा सैल सोडा. चार वर्सं मी ते ऐकलं. आन शकूनं सोळा-सतराव्या वर्षी सोताच्या मनानं एक लेस काढली, दारातल्या चिंचंचं पान बगून. बारीक बारीक पान, आन ते पान जाळीवर उठून यायचं, हात लावला की बोटाला लागायचं. असं कसं केलं तिनं, कुनाला समजंना. साधी वीन नुसती बगून उतरवता येती, ही न्हाई येत, टाका मागल्या अंगानं कुटं फिरवलाय ते दिसतच न्हाई. आळीतल्या बाया नमुना मागाया लागल्या, कॉलनीत तर तिनं अजून दावलीबी नव्हती. शकू म्हनली, देते की, पर माजं लगीन झाल्यावर. आदी माज्या अंगावर दिसू दे. एवढंच मागनं व्हतं पोरीचं.

लगीन ठरलं, चाकणकडलं घर. तिनं लग्नाच्या ब्लाऊजसाठी तीच चिंचपानाची लेस विनायला सुरवात केली. एक दिवस सासू आन ती बस्ता बांधायला चिंचवडात गेल्या. घरात मी एकली. उतरंडीमागं तिचा डबा व्हता. मी काढला.

तुमाला ठाव असंल, क्रोशाचं काम शेवटाकडनं उसवतं. एक टाका मोकळा केला की मागचा सुटतो, मंग त्याच्या मागचा. मी म्हनलं उसवत जायचं आन मोजत जायचं, म्हंजी कसं विनलंय ते उलटं कळंल. एक वीतभर उसवलं मी. साखळीचे टाके पाच, खांबाचा एक, मंग मागनं दोन खांब, समदं मोजलं, डोक्यात घेतलं, आन पुन्हा तसंच विनून ठिवलं. का केलं? मागितली असती तर मला घरातली म्हनून दिलीबी असती तिनं. पर मी मोठी, तिला न्हाऊ घातलेली, तिच्यापुढं हात कसा पसरू? जळत व्हते मी, दुसरं काय.

शकू आली, डबा उघडला, लेस बोटावरनं सरकवली आन एका जागी थांबली. म्हनली, वैनी, हितनं म्होरं तुजं हाय. मी म्हनलं, काय बी बोलू नगंस. ती म्हनली, मागायचं व्हतं की गं. बास. सासूला बोलली न्हाई, भावाला बोलली न्हाई.

मी तितं तरी थांबायचं! न्हाई. दुसऱ्याच हप्त्यात मी शकूचं नाव न घेता कॉलनीत नमुना दिला. बाया नुसत्या येड्या झाल्या, हौसाबाईची लेस, हौसाबाईची लेस. इतक्या वर्सांत पैल्यांदा मला कुनी वा म्हनलं. आन लग्नाला तिघीजनी बाहीला तीच लेस लावून आल्या. मांडवात एक बाई नवरीला म्हनली, अगंबाई, वहिनीनं तुलाही करून दिली वाटतं! शकू हसली. हळदीच्या अंगानं ती हसली ते मला अजून दिसतं, भाकरी थापताना दिसतं, कपडं वाळत घालताना दिसतं.

वर्सानं ती बाळंतपनाला आली. दोन महिनं घरात व्हती. दुपारी कॉलनीच्या बाया माज्याकडं यायच्या, चिंचपान शिकाया, आन ती भिंतीला टेकून बसायची, पोटावर हात ठिवून. बोलायची, हसायची, सुईला हात लावायची न्हाई. एक दिवस लेलेबाई म्हनल्या, शकू, तू नाही का गं ही विणत? मी खालीच बगत व्हते. ती म्हनली, न्हाई बाई, मला न्हाई येत ही, वैनीलाच येती.

मी त्या दिवशी तिला काय तरी म्हनायला पायजे व्हतं. आज म्हनू, उद्या म्हनू, बाळंत झाली की निवांत म्हनू. पोरगी झाली, आन तिसऱ्या दिवशी ताप आला, आन पाचव्या दिवशी शकू गेली.

शकूच्या नवऱ्यानं दुसरं लगीन केलं, पोरगी आमच्याकडं राह्यली. मंगल. माज्याच पोटची म्हना. पर चिंचपान विनायला बसले की कायम त्या दोन खांबांपाशी माजी मोजनी चुकती. पाठीमागं भिंतीला कुनीतरी टेकलंय असं वाटतं. वळून बगायची हिंमत होत न्हाई. मालकांना सांगितलं तर म्हनले, चष्मा कर. आन पोरगी लहानपनी इचारायची, मामी, माज्या आईला येत व्हती का गं ही लेस? मी म्हनायची, न्हाई बाळा, तिला न्हाई यायची. किती खेपंला म्हनले असंल, देव जाने.

आवंदा तिच्या शाळंत हस्तकलेचं प्रदर्शन व्हतं. पोरीनं हट्टानं शिकून वीतभर चिंचपान केलं आन चिठ्ठी लिहिली, माझ्या मामीची लेस. मला वाचून दाखिवली. आन मी कोसळले बगा. समदं सांगितलं. बस्ता, डबा, मोजनी, समदं. पोरीनं ऐकलं आन म्हनली, म्हंजी आईला येत व्हती? तू तर न्हाई म्हनायचीस. तिनं ती चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली. माझ्या आईची लेस.

शाळंत मीबी गेले. लेलेबाई आल्या व्हत्या, केस पांढरं झाल्यात आता. चिठ्ठी वाचून म्हनल्या, अगं बाळ, चुकलं तुझं, ही तर हौसाबाईची. मंगलनं माज्याकडं बगितलं. मी चार बायांत सांगितलं, न्हाई बाई, ही माजी न्हाई, शकूची हाय, मी चोरली तिची. आन काय सांगू तुमाला, त्या हसल्या! माजा हात धरून म्हनल्या, किती मोठं मन हो तुमचं, गेलेल्या नणंदेला मान देताय. पण शकू मला स्वतः म्हणाली होती, मला येत नाही म्हणून. बाकीच्या बायांनी माना हालवल्या. पोरगी तिची चिठ्ठी तशीच धरून उभी.

मी तीनदा म्हनले, चोरली. कुनी ऐकंना.

आता मंगल येती, जेवती, मामी म्हनती, पर सुई धरत न्हाई. तिचं सुख व्हवो, मला दुसरं मागायचं न्हाई. तुमीबी मगाशी दारात हौसाबाईची लेस बगायचीय म्हनालात, म्हनून बसवून घेतलं. तुमी छापनार हाय ना हे? मंग माजं नाव घालू नका. शकुंतला लिहा. आन मी शिकले असं लिहू नका, घेतली असं लिहू नका, चोरली असंच लिहा. मऊ करू नका, पोरीला वाचाया येतंय.