चाक जमिनीवर असताना

—नाही नाही, गाडी बिघडलेली नाही, घाबरू नका. चाकांखाली ठोकळे दिलेत ना, म्हणून तसं वाटतंय. इकडून या, तिथे ग्रीस सांडलंय. दहाची वेळ दिली होती मी तुम्हाला, मान्य — पण साडेनऊलाच आलात तर मी गाडीखालीच सापडणार ना! हसा, हसा. बासष्ट वर्षांचा माणूस अंगणात गोणपाट टाकून लोळतोय म्हटल्यावर कुणालाही हसू येईल. दोन बोल्ट राहिलेत, तेवढे आवळले की गाडी तुमची. फोनवर म्हणालात ना, आईसाठी घेताय? गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना? मग तर ते दोन बोल्ट नीट आवळूनच देणार मी, तुम्हाला कितीही घाई असू दे.

एक काम कराल? गाडीत बसा. स्टिअरिंगकडे नाही हो — शेजारच्या सीटवर. गाडीवर माणसाचं वजन पाहिजे मला. का म्हणजे? हे बघा, चाकाला गाडीशी जोडणारा हा लोखंडी हात, याला आर्म म्हणायचं. त्याच्या मुळाशी रबराचा बुश असतो. चाक खालीवर झालं की ते रबर जरासं पिळतं आणि परत सुटतं. आता समजा गाडी जॅकवर आहे, चाक हवेत लटकतंय आणि तुम्ही बोल्ट करकचून आवळला — तर रबर तिथेच पकडलं जातं. गाडी खाली उतरवली की ते पिळलेलंच राहतं, कायमचं. दिसायला गाडी झकास, उलट बोटभर उंचच दिसते, पण खड्डा आला की दणका देते. म्हणून बोल्ट आवळायचा तो चाक टेकलेलं असताना. एवढंच. कुठल्याही गॅरेजवाल्याला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. मला ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली, केसाच्या जाडीचा फरक बोटाने सांगायचो मी — आणि एवढं ठाऊक नव्हतं!

म्हणजे हे काम आधीही मीच केलंय. गेल्या वर्षी. घरी, हातानेच. आमच्या हिच्या पाठीचं दुखणं तेव्हा निघालं होतं — कॅन्सर मणक्यात पसरला होता. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं, आणि रस्ते तर तुम्ही बघताच. पहिल्याच फेरीला पुलाच्या सांध्यावर गाडी आपटली आणि ही ओरडली. एकदाच. पण असं ओरडली की मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. तेव्हाच ठरवलं, पुढचे बुश, शॉकअप, सगळं नवं टाकायचं. हिला पाण्यावरून नेल्यासारखं न्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, गॅरेजला का नाही टाकली? अहो, गॅरेज घरचंच आहे! माझ्या मेहुण्याचं, हिच्या सख्ख्या भावाचं. तो म्हणालाही होता, दाजी, सकाळी सोडा, संध्याकाळी घेऊन जा. सोडली का मी? नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट — मी सायकलचं चाक बसवत होतो, उलटं बसवलं. हा सगळ्यांसमोर म्हणाला, दाजी, तुमची लेथच बरी, चाकांच्या वाटेला जाऊ नका. खो खो हसले सगळे. तीस वर्षं तेवढं एक वाक्य डोक्यात धरून बसलो मी. काय माणूस आहे बघा! हिला सांगितलं, तुझ्या भावाला वेळ नाही. चक्क थाप मारली.

तीन दिवस लागले मला. एक जॅक, चार पाने, हातोडी आणि पान्याला जोर यावा म्हणून नळाचा जुना पाइप. जुना बुश काही केल्या निघेना, आर्म व्हाइसच्या जबड्यात धरून घामाघूम व्हायचो. आणि ही तिथे, दारात, पाठीला दोन उशा लावून खुर्चीत. तोंड मात्र चालू. म्हणाली, तुमचं नाक कुठे संपतं आणि ग्रीस कुठे सुरू होतं तेच कळेना झालंय. फार हसलो आम्ही ते तीन दिवस, साहेब. फार. आजारपण विसरलो होतो.

मग नव्या बुशांवरची पहिली फेरी. विचारलं, कशी वाटते? म्हणाली, छान. फुगलो ना मी! पाच महिने, दर फेरीला विचारायचो — मूर्खासारखं, दर फेरीला — आणि ही म्हणायची, छान झालीय हो. मेहुणा म्हणाला, माझ्या मोठ्या गाडीतून नेतो ताईला. तर नको म्हणाली. आमचीच बरी.

गेली ती. तीन महिने झाले.

काल तुम्ही येणार म्हणून गाडी साफ करत होतो. तुमच्या दाराला कप्पा आहे ना, तिथे — हो, तिथेच — हिचा रुमाल सापडला. निळ्या काठाचा. उलगडून बघतो तर चावून चावून भोकं पडलेली. नुसती चाळण. दातांच्या खुणा कळतात हो माणसाला.

तसाच गाडी घेऊन मेहुण्याकडे गेलो. तो खाली वाकला, एकदा बघितलं, म्हणाला, दाजी, चाक लटकत असताना आवळलेत? आणि मग तिथेच फरशीवर बसला. म्हणाला, ताईचा फोन आला होता मला तेव्हा. गाडी जरा आपटते म्हणाली. मी म्हटलं, आण, बोल्ट सैल करून परत आवळायचे, पाच मिनिटांचं काम. तर म्हणाली, नको. तू हसशील त्यांना. — माझी थापसुद्धा कळली असणार तिला, फोन झाला म्हणजे. कधी बोलली नाही. पाच मिनिटांचं काम, साहेब, आणि पाच महिने ती त्या सीटवर... मेहुणा रडत होता. म्हणाला, मला वाटलं थोडंसंच आपटत असेल. आत्ता करून देतो म्हणाला. म्हटलं नको, हे मीच करणार. बघा, अजूनही खोड गेली नाही माझी.

नीट टेकून बसा. हलू नका. हा... झाला एक. आणि हा... हं. झाला. थांबा, बाहेर येतो. कंबर राहिली नाही आता.

काय म्हणालात?

छान?

अहो, गाडी जागची हललीसुद्धा नाही अजून! कशी काय छान वाटली तुम्हाला?

नाही, रागावलो नाही. उतरा. उतरा आधी. तुम्हाला नाही द्यायची मला गाडी, म्हणजे अशी नाही. आईंना घेऊन या संध्याकाळी. मी चालवीन, पुलावरून नेऊन आणीन, त्या याच सीटवर बसतील. आणि घरून निघतानाच सांगून ठेवा त्यांना — म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही. दुखलं तर ओरडायचं. या तुम्ही आता.