ओठाला चिकटणारी तर्री

(सन २००६. पाटसजवळ जयसिंगरावांचा, म्हणजे आबांचा, मळा. काल दुपारी इथं नातवाच्या जावळाचं जेवण झालं. आज सकाळी आचारीण साखरबाई पातेली घासतेय. चुलीवर कालचा उरलेला रस्सा कढतोय आणि तिचा भाचा नवनाथ स्वतः बनवलेला द्रोण हातात घेऊन चुलीपुढं बसलाय.)

साखरबाई : …आन् समोरच्या पॅनेलचा पोपटराव म्हनला, “साखरबाई, ओठाला ओठ चिकटला, पान खायला तोंड उघडंना!” सारा जलम चुलीपुढं गेला माजा, पर असं कुनी बोललं न्हवतं. शिरूरचा भैरू आचारी ते ऐकून न जेवताच उठला म्हनं. आता सोसायटीच्या इलेक्शनची जेवनं मलाच. आबा सोता म्हनलं.

नवनाथ : आत्या, ते पातेलं जरा बाजूला ठेव.

साखरबाई : का रं? तुजं तोंड असं का पडलंय? कुरकुंभच्या कंपनीतली नोकरी सोडलीस तवा बी एवढं पडलं न्हवतं. तुज्या द्रोणाचंबी नाव झालंच की. नऊशे द्रोण एका जेवनात उडालं.

नवनाथ : द्रोण नऊशे उडाले आणि माणसं जेवली चारशे.

साखरबाई : मग? तूच कालधरनं सांगत फिरतोयस न्हवं, लोकांना एवढं आवडलं की पिशवीत घालून घरी नेलं म्हनून.

नवनाथ : ते नंतर. आधी हे बघ. हा कालच्यातलाच द्रोण. त्यात हा कढत रस्सा ओतला. बघ, वर काय आलं?

साखरबाई : तर्री. माजी तर्री.

नवनाथ : पातेल्यात एवढी आहे का?

साखरबाई : …न्हाई.

नवनाथ : मग द्रोणात कुठून आली?

साखरबाई : मला काय इचारतोस? डिप्लोमा तुजा झालाय.

नवनाथ : द्रोण उसाच्या चिपाडाचा. नुसत्या चिपाडात रस्सा मुरतो, म्हणून आतून मेणाचं कोटिंग दिलं. मेण पण उसाचंच. कांड्यावर पांढरी साय दिसते ना, ते. पोटात गेलं तरी अपाय नाही. पण कढत तेल लागलं की विरघळतं.

साखरबाई : म्हंजी?

नवनाथ : म्हणजे काल गावानं वाहवा केली ती तर्री मेणाची होती. आणि रस्सा निवल्यावर ओठ चिकटले, तेही मेणानंच.

साखरबाई : वा. चारशे मानसांना मेण चारलंस. मंग वात तेवढी कशाला मागं ठिवलीस? तीबी घालायची. पोपटरावाच्या तोंडात उजेड पडला असता.

नवनाथ : टेस्ट केली होती मी! रात्रभर द्रोण भरून ठेवला, खाली टिपूस नाही.

साखरबाई : काय भरून ठिवलंस?

नवनाथ : पाणी. तेल टाकून.

साखरबाई : कढत?

नवनाथ : …कोमट.

साखरबाई : कोमट! जावळाला आलेली मानसं जेवायला बसनार हुती रं, त्यांना न्हाऊ घालायचं न्हवतं.

नवनाथ : बोल अजून. हक्क आहे तुझा. पण मला एक कोडं सुटत नाही. मेण विरघळलं, तर द्रोण गळायला पाहिजे. हा बघ, लागला बुडातनं ठिपकायला. मग काल कुणाचेच कपडे कसे भिजले नाहीत?

साखरबाई : ती परात दे इकडं. खरकटी हाय अजून.

नवनाथ : आत्या.

साखरबाई : काय आत्या आत्या? भिजलं की. पहिल्या पंगतीला पोपटरावाची विजार भिजली. नवीकोरी, पांढरीफेक. मी म्हनलं, माज्या हातनं उडालं. आन् वाढप्यांना सांगितलं, द्रोण एकात एक घालून मांडा. म्हाताऱ्यांना तीन-तीन.

नवनाथ : आणि मला सांगितलं नाहीस.

साखरबाई : तू मांडवाच्या दारात हुबा ऱ्हाऊन येईल त्याला द्रोण दाखवत हुतास. नवरदेवाच्या तोंडावर नसतो असा उजेड. त्यात कसं सांगू?

नवनाथ : म्हणजे घरी कुणी नेलेच नाहीत.

साखरबाई : खरकटा द्रोण पिशवीत घालून कोन नेतंय, लेकरा? तुला खरं तरी कसं वाटलं?

नवनाथ : तुला तर्रीचं वाटलं, तसंच.

साखरबाई : …गप. आबा येत्यात.

जयसिंगराव : वा, वा! दोन्ही हिरो एकाच चुलीपुढं! नवनाथ, ऐक. सोसायटीचं इलेक्शन तोंडावर हाय. आपल्या पॅनेलची रोज जेवणं. रस्सा साखरबाईचा, द्रोण तुझा. सरकारनं प्लास्टिकवर डोळे वटारलेत, म्हंजी भाषणाला विषय आयता हाय. बोलायचं, आमचं पॅनेल चिपाडातनं सोनं काढतं!

साखरबाई : मेण काढतं.

जयसिंगराव : काय म्हणालात?

साखरबाई : काय न्हाई. चूल धुपती.

जयसिंगराव : तर नवनाथ, कधी पोच करतोस?

नवनाथ : नाही करत, आबा. द्रोण अजून तयार नाहीत. कढत रश्श्यानं गळतात.

जयसिंगराव : काल कुठं गळले?

नवनाथ : काल आत्यानं एकात एक घालून मांडले होते.

जयसिंगराव : मग आपणबी तसंच मांडू! दुप्पट द्रोण घे. अरे, दौंडात शेड भाड्यानं घेऊन बसलायस, नोकरी सोडून. दुप्पट ऑर्डर आली तर मान काय हलवतोस? असला येडा धंदेवाला मी पहिल्यांदा बघतोय.

नवनाथ : चार घातले तरी आतलं मेण रश्श्यात उतरणारच. काल जी तर्री…

जयसिंगराव : तर्रीचं काय?

नवनाथ : काही नाही. तर्री झकास होती. द्रोण तेवढे नकोत.

साखरबाई : अर्धं का गिळलंस? घशात मेण अडकलं का? आबा, कालची तर्री माजी न्हवती. ह्याच्या द्रोणाचं मेण विरघळून वर आलं हुतं.

जयसिंगराव : म्हंजी… मी काल मेण खाल्लं?

साखरबाई : दोनदा मागून.

जयसिंगराव : आन् वर त्या पोपटरावाला म्हणालो, असली तर्री तुझ्या दारात सात जन्मात व्हायची न्हाई!

साखरबाई : त्येनंबी खाल्लं. बरोबरीत सुटलात.

जयसिंगराव : हसण्यावारी नेऊ नका, साखरबाई. उद्या हे पोपटरावाला कळलं, तर प्रत्येक सभेत मेणबत्ती घेऊन हुबा ऱ्हाईल तो. त्यापरीस थर्माकोलचे द्रोण आणतो आन् शिरूरच्या भैरूला सांगावा धाडतो. डोक्याला ताप न्हाई.

नवनाथ : थर्माकोल आणा, आबा. द्रोणाची चूक माझी. पण रश्श्यानं काय केलं?

साखरबाई : तू नगं भांडूस माज्यासाठी. आबा, ही घ्या स्टीलची वाटी. हिच्यातनं काय विरघळायचं न्हाई. रस्सा चुलीवरचा, कालचाच. खा, आन् मंग भैरूला बलवा न्हाईतर त्याच्या बापाला.

जयसिंगराव : आता? सकाळच्या पारी?

साखरबाई : काल मेणाला दोनदा सवड झाली. आज रश्श्याला एकदा काढा.

जयसिंगराव : आणा. तोंडाळ बाई हो तुम्ही.

नवनाथ : आत्या, मेणाच्या खाली दुसरा एखादा थर देऊन बघतो. नाहीतर मेण लगद्यातच मुरवून, वरनं भाजून. पण टेस्टला रोज कढत रस्सा लागेल.

साखरबाई : ये की. मटनाचा रोज कुटला, मटकीचा करीन. तेल तेवढंच टाकीन. पर वर काय तरंगलं ते आदी मला दाखवायचं, गावाला न्हाई.

नवनाथ : आणि बुडातनं ठिपकलं, तर तू आधी मला सांगायचं. वाढप्यांना नाही.

साखरबाई : बरं. …आबा, वाटी चाटून झाली. तोंडातनं सबुद न्हाई. चिकटलं का आजबी?

जयसिंगराव : भाकरी हाय का एखादी?