दरवाज्यानं अडवलेला ट्रक

आमच्या सुधाकरला इतिहासाचं लई वेड. रिटायर झाल्यावर नवी मुंबई सोडून आमच्याकडं संभाजीनगरला राहायला आला. का, तर म्हणे घराबाहेर पाऊल टाकलं की इतिहास दिसला पाहिजे!

मी पुंडलिकनगरात फ्लॅट दाखवला. नलिनीवहिनींना पसंत पडला. हा म्हणतो, "इथं खिडकीतून काय बघू, पाण्याची टाकी?" आन् जुन्या शहरात, तटाच्या एका ऐतिहासिक दरवाज्याच्या आत घर ठरवून बसला. वहिनींना म्हणाला, "अगं, भल्याभल्या शत्रूंना अडवलंय या दरवाज्यानं!"

सामानाचा ट्रक आला आन् दरवाज्यापाशीच थांबला. वर ठेवलेलं पुस्तकांचं कपाट काही केल्या कमानीखालून जाईना. मागं रिक्षांचे हॉर्न. सुधाकर ओरडतोय, "कपाट फुटलं तरी चालेल, कमानीला ओरखडा नको!"

समोरच्या चहाच्या हॉटेलातून रफिकचाचा कप हातात घेऊनच आले. वर बघत म्हणाले, "साहब, इतकी वर्षं नुसता उभा होता बिचारा. आज कुणाला तरी अडवलं त्यानं."

वहिनी हसल्यासुद्धा नाहीत. मी बघायला दिलेली फ्लॅटची चावी त्यांनी पर्समधून काढली आन् म्हणाल्या, "ड्रायव्हरभाऊ, शत्रू हरला. घ्या गाडी पुंडलिकनगरला."